देवळाच्या ओट्यावर दिल्ली

निमगाव केतकी,
अधिक ज्येष्ठ, शके १९४८

प्रिय विजयसिंह,

वरची तिथी पाहून हसू नकोस. इंग्रजी तारीख घातली असती तर पत्र माझंच आहे का, अशी तुला शंका आली असती. यंदा ज्येष्ठ दोन आहेत, म्हणजे पंचांगाने मला एक महिना वरकड दिलाय, आणि त्यातली एक दुपार मी तुझ्यावर खर्च करतोय. घरी सगळं ठीक. म्हाळसाच्या गुडघ्याने तिच्याशी तह केलाय. वैष्णवीची बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा झाली. ती हल्ली रोज जेवताना मोबाइल तांब्याला टेकवून ठेवते आणि त्यात तू असतोस. आमच्या ताटांसमोर बसून देशाचं पुढचं सांगत असतोस. तुला वाढायचं तेवढं राहिलंय. आबांना दिसत नाही फारसं, ते नुसते ऐकतात. चार विद्वान एकदम ओरडायला लागले तरी त्यातून तुझा आवाज बरोबर वेगळा काढतात, कळपातलं आपलं मेंढरू ओळखावं तसा. मी परवा दारातून हाक मारली, तर म्हणाले, कोण हाय रं?

तू वाचतोयस तोवर एक जुनी गोष्ट सांगून घेतो. तू बावड्याचा, मी निमगावचा, आणि बारामतीच्या होस्टेलात आपण दोघं एका खोलीत संस्कृत घेऊन बसलो होतो, हे तुझ्या नावाखाली पडद्यावर जी पट्टी येते तिच्यात कधी दिसत नाही. तुला भूतकाळाची रूपं शेवटपर्यंत आली नाहीत. भविष्यकाळ मात्र पहिल्या आठवड्यात पाठ होता. दुसऱ्या वर्षी तू राज्यशास्त्राकडे गेलास तेव्हा सर म्हणाले होते, भाषेचं काही नुकसान नाही. त्याच वर्षी मेसमध्ये, पातळ आमटीच्या साक्षीनं, तू मला सांगितलं होतंस की या देशात आता एकट्या पक्षाचं राज्य पुन्हा कधी येणे नाही, इथून पुढे खिचडीच. तितक्याच खात्रीने, तसाच उजवा हात हलवत. आता तू सांगतोस की एकच पक्ष वीस-पंचवीस वर्षं हलत नाही. हात तोच आहे. पक्षाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमचा पोस्टमन दुसऱ्या पक्षाचा आहे आणि पत्र वेळेवर जायला हवं.

तुला वाटेल मी चूक काढतोय. नाही रे, मी हेवा करतोय. षड्रिपूंपैकी पाच जण वयोमानानुसार निवृत्त झाले. हा सहावा अजून कामावर आहे आणि पेन्शनीला तयार नाही. माझं आणि तुझं काम एकच, पुढचं सांगायचं. पण मी पाडव्याला ओट्यावर बसून एका वर्षाचं सांगतो, राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, धान्य किती. आणि जून कोरडा गेला की आठवडी बाजारात भाजीवाली मला अडवते, "मास्तर, तुमचा पाऊस कुठं अडकला म्हणायचा?" मी गेली कित्येक वर्षं ढगांच्या वतीने माफी मागत हिंडतोय. तू तीस वर्षांचं सांगतोस. तीस वर्षांनी तुला बाजारात अडवायला कोण उरणार? थोडं चुकायचं असेल तर थोड्या दिवसांचं सांगावं आणि अजिबात चुकायचं नसेल तर फार लांबचं सांगावं, हे शास्त्र मला कोणत्याच ग्रंथात सापडलं नाही. तुला ते उपजत होतं.

आता यंदाच्या पाडव्याचं. मंडळाची पोरं माझ्याकडे तुझा नंबर मागायला आली तेव्हा मीच दिला. म्हटलं, माझं वाचन झाल्यावर दहा मिनिटं बोलेल, गावालाही बरं वाटेल. पण तुला दुपारी पुण्याला स्टुडिओत पोचायचं होतं म्हणून तुझं आधी घेतलं. मांडववाल्याने पडदा लावला, त्यावर तुझ्या त्या चढत जाणाऱ्या रेघा आल्या, आणि देवळाच्या ओट्यावर दिल्ली येऊन बसली. दहा मिनिटांचा सव्वा तास झाला. कुणी हललं नाही. हे मान्य करताना मला त्रास होतोय, पण तू फार चांगला बोललास. एखादा पक्ष मतांवर राज्य करतो तोवर तो हरू शकतो, पण बाकीचे सगळे पक्ष त्याच्याच आरशात बघून आपलं तोंड धुवायला लागले की तो हरला तरी राज्य त्याचंच असतं, असं म्हणालास. आणि मग असा पक्ष बाहेरून पडत नाही, पोटातून दुभंगतो. पुढे सरकारातही त्याचीच माणसं आणि विरोधातही त्याचीच. या म्हणण्यातलं भोक मी तीन दिवस शोधत होतो. सापडलं नाही. चौथ्या दिवशी सोडून दिलं आणि दहावीच्या पेपरांत कडक गुण दिले.

त्यात पानमळ्यातल्या जयवंताने तो प्रश्न विचारला. "सायेब, थोरला पोरगा ह्या पक्षात हाय, मधला त्या पक्षात हाय. धाकटा औंदा बारावीला हाय. त्याला कुठं घालू?" आणि तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "त्याला मतदार म्हणून शिल्लक ठेवा." सगळं देऊळ हसलं. जयवंता स्वतः सगळ्यांत जास्त हसला. विजयसिंह, मी याच गावात राहतो. जयवंताच्या तिन्ही पोरांना मी शिकवलंय. ते वाक्य मला सुचायला हवं होतं.

तुझं झाल्यावर मी पंचांग उघडलं. संवत्सराचं नाव ‘पराभव’ आहे, हे मोठ्याने वाचावं लागलं. समोर जे उरले होते ते सतरंज्या गुंडाळायला थांबलेले होते; बाकी गावाला घरची पुरणपोळी आठवली होती. राजा गुरू, मंत्री मंगळ, असं मी सांगत होतो आणि समोर बघत होतो. आबांची जागा रिकामी होती. ते तुझ्या गाडीपर्यंत गेले होते, तुझ्या दंडाला धरून. मला ओट्यावरून दिसत होतं. गाडीचं दार धरून ते तुला काहीतरी विचारत होते आणि तू वाकून ऐकत होतास.

आबांचं तुला सगळं माहीत नाही. आमची मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरायची ती मृगाच्या तोंडावर वर यायची. म्हणजे ऐन पन्नाशी उलटेपर्यंत या माणसाने आपल्या गावचा पाडवा पाहिलेला नव्हता. लोकांच्या दारात गुढ्या दिसल्या की त्यांना कळायचं, आज पाडवा. मला शाळेत नोकरी लागली, मग कळप विकला. त्याच वर्षी पंचांग वाचणारे गुरुजी मुलाकडे पुण्याला गेले आणि गावाने मला ओट्यावर बसवलं. आबा पहिल्या रांगेत, दाढी करून, कोरा फेटा बांधून. तेव्हापासून दर पाडव्याला ठरलेलं. पाऊसपाणी मी त्यांना सकाळीच कडुनिंब खाताना सांगितलेलं असायचं, तरी चारचौघांत ते हात वर करायचे आणि विचारायचे, "मास्तर, मिरूग कसा हाय?" घरात मी दत्तू, ओट्यावर मास्तर. वर्षातून एकदा, तेवढ्या एका प्रश्नापुरता. मग मी पान उलटून, जणू आत्ताच बघतोय असं बघून, उत्तर द्यायचो आणि ते मागे वळून लोकांकडे बघायचे.

त्या दिवशी गाडीपाशी त्यांनी तुला काय विचारलं ते वैष्णवीने ऐकलं. तिने ते मला हसत हसत सांगितलं. पोरीला काय ठाऊक. दिल्लीचं त्यांनी काही विचारलंच नव्हतं. तीस वर्षांत कुणाचं राज्य येईल याच्याशी चौऱ्याऐंशीच्या माणसाला कर्तव्य नाही. "सायेब, मिरूग कसा हाय?" असं विचारलं. आणि तू म्हणालास, "चांगला आहे, आबा." कुठल्या रेघेवरून सांगितलंस रे? माझ्या पंचांगात मध्यम लिहिलंय. पण घरी आता चांगलाच चाललाय. मी मध्यम म्हटलं की आबा म्हणतात, "ते बावड्याचं पोरगं खरं बोलतंय. तू निस्ता गिरहं सांगतूस."

पुढल्या संवत्सराचं नाव ‘प्लवंग’ आहे. साठ वर्षांतून एकदा येतं. अर्थ तुला आठवणार नाही, म्हणून सांगतो: उड्या मारत जाणारा, म्हणजे वानर. गेल्या खेपेला हे नाव ओट्यावर वाचलं गेलं तेव्हा आबा पंचविशीत होते आणि कोकणात कुणाच्या तरी शेतात खतासाठी मेंढरं बसवून होते. आमच्या पहिल्या रांगेत बसणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एकही असा नाही ज्याने एकदा तरी पक्ष बदललेला नाही. त्यांच्या तोंडावर हे नाव, अर्थासह, शांतपणे वाचायचं, एवढी एकच राजकीय महत्त्वाकांक्षा मी बाळगून आहे.

आता या पत्राचं कारण. सोबत मंडळाचं निमंत्रण आहे. तुम्हा लोकांच्या तारखा वर्षभर आधी भरतात म्हणून पोरांना घाई. येत्या पाडव्याला संपूर्ण कार्यक्रम तुझा, पंचांगवाचन "वेळ उरल्यास". सुचवलं आबांनी, आणि मास्तर तुझे मित्र म्हणून मजकूर लिहायचं काम पोरांनी माझ्याकडे दिलं. तो मी मन लावून लिहिलाय. तू यावंस असं त्यात तीन ठिकाणी आहे आणि एकही वाक्य खोटं वाटणार नाही. ते मंडळाचं पत्र. हे माझं. यात लिहितो की येऊ नकोस. उत्तर परस्पर मंडळाला कळव, कारण काहीही दे, आणि मी लिहिलं होतं हे आबांपर्यंत जाऊ देऊ नकोस. परवा बारामतीला त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं त्यात कुठेही वर्षं हा शब्द नव्हता, महिने होते, आणि पाडवा त्यात बसेल न बसेल असा काठावर होता. ते बसतील असं मी धरून चाललोय. पुढची तीस वर्षं तू घे, विजयसिंह. तो एक पाडवा मला सोड.

तुझाच,
दत्तोबा