पाण्याला न जुमानणारी शाई

प्रिय ठमे,

आपल्या वरच्या मजल्यावरच्या बाई अजून परतल्या नाहीत. शाळेचं छप्पर कोसळल्यापासून त्या जातील तिथे एकच विचारत होत्या, हे बांधलं कोणी? एका दुपारी दोघांनी त्यांना गाडीत बसवून नेलं. तेव्हापासून कुठेही विचारा, उत्तर ठरलेलं: अशी कोणी बाई आम्ही आणलीच नाही. मला गप्प बसवेना. लाकडात त्यांचा चेहरा कोरला, खाली ‘या कुठे आहेत?’ एवढंच, आणि ठसे काढून भिंतींवर चिकटवले.

आधी तू मुलांना देतेस तसलीच पाण्याची शाई वापरली. सफाईवाल्यांनी पाइप मारला आणि बाईंचा चेहरा गटारात वाहून गेला. मग जवसाच्या तेलातली घेतली. घेताना डबा उघडून बघायचा. सुरीवर उचलली की शाई मधासारखी सावकाश सुटायला हवी. पातळ असली तर बारीक रेघा बुजतात. काचेवर पसरून रोलर फिरवताना बारीक चरचर ऐकू आली की बरोबर. पचपच वाजली तर शाई जास्त झाली. वाळायला दिवस लागतात, घाई नडते. ठोकळा आणि हात आधी खायच्या तेलाने पुसायचे, मग साबण. आणि तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस गं, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून ठेव.

ही शाई पाण्याला जुमानेना. त्यांनी चुना फासला, तर तेल चुन्यातून वर आलं आणि बाई पिवळट होऊन पुन्हा बघायला लागल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तोच अंगाशी आला. असली शाई विकणारं दुकान इथे एकच. दुकानदारकाकांनी निरोप धाडला, ‘पोरी, कोण घेतं ते विचारून गेलेत. मी तोंड उघडलं नाही, पण आता इकडे फिरकू नकोस.’

परवा ते चौकशीवाले आपल्या घरी आले. फार सभ्य. चहासुद्धा घेतला. एकजण म्हणाला, ‘ताई, जवसाच्या तेलाचा वास छान येतो तुमच्याकडे.’ दोरीवर त्याच शाईने छापलेली माझी कॅलेंडरची पानं वाळत होती. त्याने एकावरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं आणि रुमालाची नीट घडी करून खिशात ठेवली. ‘जरा ऑफिसात येऊन जा. दोन मिनिटांचं काम आहे.’ बाईंनाही दोन मिनिटांचंच सांगितलं होतं. ते गेल्यावर आई कप विसळत राहिली, विसळलेलेच पुन्हा.

आता हे शाईपुराण का लावलं ते ऐक. पळून जावं, तर काकांना धरतील. म्हणून मी जातेय. हे वाचशील तेव्हा गेलेली असेन. आईला हवापालट म्हणून तुझ्याकडे पाठवलंय. तिच्या पिशवीत चादरीत गुंडाळलेले दोन ठोकळे आणि शाईचा डबा आहे. एक ठोकळा बाईंचा. दुसरा माझा, आरशात बघून कोरलेला. छापताना उलटतो, म्हणजे लोकांना दिसते तशीच उमटेन. नाक मोठं झालंय, हसू नकोस. रविवारपर्यंत माझा फोन आला नाही, तर छापायला घे. खालचे शब्द मी कोरूनच ठेवलेत. आईला मात्र आधी पोटभर जेवू घाल, मग सांग.

तुझीच, अजून तरी घरातच असलेली,
ताई