सात जोड हातमोजे आणि एक सिम

दिनांक १२ ऑक्टोबर २०२५, रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. हातमोजे धुऊन वळचणीला वाळत घातले आणि हात पुसून लिहायला बसलो.

मी राजेश नाथू ढेबे, वय २७, शिक्षण नववी, राहणार शिवथरच्या वरची वाडी, तालुका महाड. महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पंप दुरुस्तीचे काम करतो. माझे डोके ठिकाणावर आहे, दारू पीत नाही, मला कोणी दमदाटी केलेली नाही. वकील हसले, "सत्ताविसाव्या वर्षी मृत्युपत्र?" मी म्हटले, हर्षद चोवीसचा होता. आमच्या पाळीचा हर्षद मागच्या महिन्यात कामावरून परतताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या फंडासाठी त्याची आई चार वेळा महाडला उतरली. चारही वेळा एक कागद कमी. दोनदा मीच तिला मागे बसवून नेले. माझ्या आईची, चिमाबाई नाथू ढेबे हिची, अडचण त्याहून मोठी आहे. तिला सही येत नव्हती, आणि आता तिचा अंगठाही उठत नाही.

का उठत नाही ते आधी लिहितो, म्हणजे पुढची कलमे समजतील.

आम्ही बेअरिंग थिनरच्या ट्रेमध्ये धुतो, जळके ऑइल काढतो. ठेकेदार महिन्याला रबरी हातमोज्यांचा एक जोड देतो, तोही जुना जोड स्वच्छ करून दाखवला तर. मी पहिल्या दिवसापासून हातमोजे घातले. आमचा जुना फिटर सदू आखाडे सगळ्यांसमोर म्हणायचा, "काय रे नवरदेवा, हळद लागलीय काय हाताला?" तो स्वतः उघड्या हातांनी काम करतो आणि सुट्टी झाली की हातही थिनरनेच धुतो. मी ऐकून घेतले, हातमोजे काढले नाहीत. माझे हात आजही कारकुनासारखे आहेत.

पण दर शनिवारी ते हातमोजे आणि तेलकट पँट मी पिशवीतून घरी आणत होतो. दर रविवारी आई ते उलटे करून, दगडावर घासून, उघड्या हातांनी धूत होती. पाच वर्षे मी समोर बसून चहा पीत होतो. हातमोजे कशासाठी असतात हे मला पाठ होते. ते धुणाऱ्यालाही हात असतात हे डोक्यात आले नाही.

मार्च महिन्यात रेशनच्या मशीनने तिचा अंगठा सहा वेळा नाकारला. आई दुकानदाराला म्हणाली, "मशीन म्हनतंय मी चिमाबाय नाय. मंग इतकी वर्सं तुजा तांदूळ कोन खात व्हतं, भूत?" रांग हसली, तीही हसली. परतीच्या चढावर मात्र ती अंगठा पदराला पुसत राहिली. महाडच्या डॉक्टरांनी तिचे तळवे पाहून मला विचारले, "यांना कुठल्या कंपनीत लावलंय?" मी म्हटले, घरीच असते. तेव्हापासून रेशन माझ्या अंगठ्यावर मिळते. म्हणून माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. माझा मोबाइल सिमसकट आईला द्यावा. सिम कोणत्याही कारणाने बंद करू नये. अंगठा नाही उठला तर रेशनसाठी त्याच नंबरवर ओटीपीचे आकडे येतात. आकडे तिला नोटांवरून वाचता येतात. दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज माझी बहीण उज्वला, नाते गावी दिलेली, हिने करावा. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच.

२. बँकेतली शिल्लक व फंड आईला. दोन्हीकडे तिचे नाव लावले आहे. तिचे खाते अंगठ्यावरून सहीवर करण्यासाठी मी तिला नाव लिहायला शिकवत आहे. "म्हातारीला शाळंत घालतोस काय रे?" असे म्हणते, पण पाटी स्वतःच घेऊन बसते. बँकेतल्या साहेबांच्या मते सही दर वेळी सारखी आली पाहिजे. अकरा वेळा वेगळी आली. बाराव्या वेळी जुळली.

३. घरातला माझा हिस्सा आईला, तिच्यानंतर उज्वलाला. बकऱ्या आईच्याच आहेत, त्या माझ्या मालमत्तेत मोजू नयेत.

४. पान्यांचा संच सदू आखाडे यांना. काम त्यांनीच शिकवले. सोबत दोन जोड नवे हातमोजे. ते घालणार नसतील तर पानेही देऊ नयेत.

५. उरलेले पाच नवे जोड आईला.

६. माझे कामाचे कपडे कोणी धुऊ नयेत. सुतक फिटताना घरातले सगळे धुतात, त्यातही हे घालू नयेत. पिशवीत बांधून ठेवावेत. आमच्या पाळीचा यशराज ते कारखान्यातल्या तेलकट कचऱ्याच्या पिंपात टाकेल. आई ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. उज्वलाने पिशवी आधीच उचलावी.

७. ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे मी आईसाठी एक जोड मागितला होता. "आईला पण हजेरीवर घेऊ काय?" असे ते म्हणाले. त्यांना काही नाही. त्यांनी दहाव्याला येऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचून पाहिला. ज्यांना यातून काही मिळायचे आहे त्यांना साक्षीला घेतलेले नाही.

सही: राजेश नाथू ढेबे
साक्षीदार: १. यशराज उतेकर, माझ्या पाळीचा सोबती. २. रेश्मा कदम, अंगणवाडी सेविका.
ठिकाण: शिवथरच्या वरची वाडी. दिनांक: वरीलप्रमाणे.

आईची सही, साक्षीसाठी नव्हे, पुढे कोणाला ताडून पाहता यावी म्हणून: चिमाबाई नाथू ढेबे
(शेवटचे अक्षर ओळीखाली गेले आहे. बँकेतही तसेच आहे.)

खर्च व देणे:
आईचे डॉक्टर, मलम, महाडच्या फेऱ्या, मार्चपासून: ६,३४० रुपये.
त्यासाठी उज्वलाकडून घेतलेले: १,५००. दिवाळीला मीच देईन.
मार्चनंतर घेतलेले सात जोड, १२० प्रमाणे: ८४०.
आईच्या हातमोज्यांवर, त्याआधीच्या पाच वर्षांत: ०.