कपितानच्या मागोमाग

ला ओया,
१९ फेब्रुवारी १९८८

प्रिय एलोय,

तुझं पत्र पोचलं. मेलिल्याच्या लष्करी बराकीत रोज मसूरच खायला घालतात म्हणून रडतोस होय? इथं आम्ही बादलीतला बर्फ फोडून तोंड धुतोय. बाबा बरे आहेत, गुडघा तेवढा कुरकुरतो. डुक्कर मारलं. तुझ्या वाटणीची सॉसेजं माळ्यावर टांगलीत आणि कासिल्दा आत्या त्यांच्यावर पहारा ठेवून आहे, मी खाईन म्हणून.

तुला सांगायचं होतं ते... थांब, दूध उतू जातंय.

हां. वनरक्षक फेर्मीन हल्ली सारखा येतो. आत्या म्हणते माझ्यासाठी येतो. म्हणू दे. तो येतो खरजेसाठी. रानबकऱ्यांना खरूज लागली आहे. तू गेल्यावर एकीच्या मानेवर नाण्याएवढी खपली दिसली होती, आता कळपच्या कळप उघड्या कातडीने फिरतायत. किडा डोळ्याला दिसत नाही एवढा बारीक. फेर्मीन सांगत होता, मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्या लेकीही अंडी घालायला लागतात. थंडीत बकऱ्या एकमेकींना चिकटून बसतात, मग काय, किड्यांना रान मोकळं.

"म्हणजे आपल्या शेजारच्या ऑर्तेन्सियाचं घर!" आत्या म्हणाली. फेर्मीन हसला. बाबा हसले नाहीत.

हे लिहिताना माझं मनगट खाजतंय. सगळा गाव खाजवतोय आणि खरूज कुणालाच नाही.

"आमच्या शेळ्यांना काही झालेलं नाही," बाबांनी त्याला ठणकावलं.

"मग आली कुठून, काका? आभाळातून पडली?"

"ते तू शोध. पगार तू घेतोस."

फेर्मीनला कोडं पडलं होतं ते वेगळंच. रोग चहूकडे पसरायला हवा, पण हा एका वाटेने चाललाय. आधी वरचा झरा, मग मिठाचा खडक, मग खिंड. कुणीतरी हात धरून नेतंय असा. मी चुलीपाशी होते. आपण हिवाळ्यात कळप खाली नेतो तीच ती वाट. माझा पाव तव्यातच करपला.

रोग कुठून आला ते कळलं नाही, तर मार्चअखेर गावातले सगळे कळप मारायचे, असा हुकूम निघालाय. हे ऐकून बाबा टोपी न घालताच बाहेर गेले. आपल्याकडे शेळ्यांखेरीज आहे काय?

एलोय, तू कपितानला पुरलं नाहीस ना?

बोकडाच्या मानेला खपल्या आल्या तेव्हा बाबांनी बजावलं होतं, गोळी घाल आणि वर चुना टाकून पूर. तू फावडं घेऊन गेलास आणि डोळे लाल करून आलास. कुणी काही विचारलं नाही. म्होरक्या बोकडाला आपल्यात खाटकाला देत नाहीत, थकला की डोंगरावर सोडतात, हे मला शिकवू नकोस. पण ते धडधाकट जनावराचं. मला तुझा भयंकर राग आला आहे. तुझ्या जागी मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक आहे.

बिचाऱ्याने जे येत होतं तेच केलं. आपली वाट धरली. आणि त्या येड्या रानबकऱ्या त्याच्या मागोमाग निघाल्या.

आता खरं सांगते. एवढं पान भरून मी तेच टाळतेय. सोमवारी मी फेर्मीनला सांगितलं. बाबांना नाही. तो म्हणाला, माणसाची चाहूल लागली की कळप कड्यात शिरतो, नेम धरायलाच मिळत नाही. म्हणून मीही गेले खिंडीत. तू घालायचास तशी हाक घातली, दोनदा जीभ टाळूवर वाजवून, मग लांबलचक "कापीऽऽ". माझा आवाज तुझ्यासारखा आहे म्हणून लहानपणी सगळे चिडवायचे.

तो आला. मानेवर केस नव्हते, डोळे खपल्यांनी मिटलेले. मागे रानबकऱ्यांची रांग. आम्हाला पाहून त्या थांबल्या, तो थांबला नाही. थेट येऊन त्याने माझ्या खिशात तोंड घातलं.

"एर्मिनिया, बाजूला हो," फेर्मीन म्हणाला. मी बराच वेळ झाले नाही. मग झाले.

फेर्मीनने वर 'भटका बोकड' एवढंच कळवलंय. आपल्या दोन शेळ्यांना औषध टोचलं, बाकीच्या ठीक आहेत. हुकूम तूर्त थांबलाय. त्या रानबकऱ्या मात्र अजून वरच आहेत, खडकाला अंग घासत. त्यांच्यातल्या किती उरतील, हे फेर्मीनलाही सांगता येत नाही.

सुट्टीवर आलास की तुला हे गुत्त्यात कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं. त्याला काही दिसत नव्हतं, एलोय. त्याला वाटलं तूच आलास. मी "कापी, कापी" करत राहिले, अगदी तुझ्यासारखं, गोळी सुटेपर्यंत.

हवं तेवढं बोल मला, पण लिहून बोल. गप्प राहू नकोस.

तुझी ताई,
एर्मिनिया