धाकटी उभी कशी राहायची

४ फेब्रुवारी

सिनेमावाले आले होते. एक दिग्दर्शक — खुर्ची न पुसता बसला, म्हणून मला बरा वाटला. आणि एक मुलगी, जी पडद्यावर आमची धाकटी होणार आहे. धाकटीवर सिनेमा! जॅझ गायची, दारूत बुडाली, चाळिशीच्या आत गेली, एवढं जगाला ठाऊक. बाकीचं विचारायला थोरल्या बहिणीकडे आले. वरातीमागून घोडं, पण आलं तरी.

तिचं गातानाचं हलतं चित्र कुठंच नाही म्हणे. तबकड्या आहेत. फोटो आहेत, तेही सगळे खांद्यापर्यंतचे. तिच्या साथीदारांपैकी एकच म्हातारा उरलाय, ड्रमवाला, दूर कुठल्या वृद्धाश्रमात असतो. त्यानं यांना दारातूनच वाटेला लावलं. "मेलेल्या बाईवर तिकीट लावता काय?"

मुलगी निघताना म्हणाली, "मावशी, मी रोज आले तर चालेल?" ये म्हटलं. रोज कोण येतंय माझ्याकडे.

११ फेब्रुवारी

येते, खरंच येते. मी तिचं नाव चिमणी ठेवलंय. लाँड्रीचे कपडे मी अजून घरी आणून इस्त्री करते. टेबलाच्या पलीकडे स्टुलावर पाय वर घेऊन ती बसते आणि मी सांगत जाते. धाकटी रेडिओला कान लावून झोपायची. तिचं गाणं ऐकून बाबांनी ताट भिरकावलं होतं. पिण्याचंही सांगितलं. आपलेच दात, आपलेच ओठ — पण झाकून आता कुणाचं भलं होणार?

"पिऊन आली की ओरडायचात तिला?"

"ओरडायचे. मग पांघरूण घालायचे."

चिमणी माझाच चहा उचलून प्यायली. धाकटी असंच करायची, पण हे मी सांगितलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

आज दोन कप जास्तीचे घासून ठेवले. उगाच.

१९ फेब्रुवारी

आज तिनं विचारलंच. "मावशी, गाताना ती उभी कशी राहायची?"

मी शर्टाची कॉलर उलटी केली, परत सुलटी केली.

मला माहीत नाही. मी तिला स्टेजवर कधी पाहिलंच नाही. पहिल्या कार्यक्रमाला मी चांगले कपडे करून दारात उभी होते, तर म्हणाली, "ताई, तू येऊ नकोस." त्यानंतरही जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेच. तू येऊ नकोस. लोकांचे कपडे इस्त्री करणारी बहीण पहिल्या रांगेत बरी दिसली नसती, असं मी समजले. गिळलं. तो घास अजून पुरता खाली उतरलेला नाही.

पण हे सांगितलं तर चिमणी कशाला येईल? म्हणून म्हटलं, "उभी काय राहणार! आपल्यासारखीच." आणि इस्त्री फिरवत राहिले. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, खोटं पकडलं हिनं.

२ मार्च

शूटिंग सुरू झालं. चिमणी आली नाही.

९ मार्च

आज पण नाही. स्टूल आत नेऊन ठेवलं. मग परत बाहेर आणलं. घडीचे कपडे ठेवायला लागतं.

२७ एप्रिल

शेजारीण म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो. तुम्हाला काय वाटलं, दत्तक आली होती?" मी म्हटलं, पोर कामात असेल, तुमची जीभ जरा टाळ्याला लावा.

दार लावलं आणि तशीच उभी राहिले. दुधाची तहान मी ताकावर भागवत होते, ते मला कळत नव्हतं असं नाही. पण ताकही गेलं की घसा फार कोरडा पडतो.

१४ सप्टेंबर

सिनेमा पाहिला. शेजारीण सोबत होती. सुरुवातीला दारू, भांडणं, तुटलेला आरसा. सोसलं. मग क्लब, दिवे, आणि चिमणी माईकसमोर आली. आवाज तबकडीतला, धाकटीचा. डावा हात मागे नेऊन कमरेवर दाबलेला. मान एका अंगाला. एक पाय बुटातून काढून दुसऱ्या पावलावर ठेवलेला.

शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, ही तर तुम्ही! इस्त्री करताना!"

मीच होते. माझी दुखरी कंबर, माझा खोडकर पाय. मागच्या रांगेत एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "अगदी अश्शीच होती म्हणे." आणि रडत होती.

बिचारीकडे स्वतःचं असं काय होतं? एक गाणं, आणि ते गाताना उभं राहणं. त्यातलं निम्मं मी खाल्लं. आता जग तिला माझ्या पायांवर उभी बघणार. जिला मी तिथं नको होते, तिच्याच जागी मी जाऊन उभी राहिले.

१५ सप्टेंबर

चिमणीला फोन केला. सांगून टाकलं की मी तिला गाताना कधीच पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "मग मी कुणासारखी उभी राहिले, मावशी?"

"माझ्यासारखी."

"मी नंतर बोलते," म्हणाली.

१८ सप्टेंबर

फोन नाही. शेजारणीनं दोनदा डोकावून विचारलं, जेवलात का. जेवले म्हटलं.

२१ सप्टेंबर

दुपारी फोन वाजला. चिमणी नव्हती. तो म्हातारा ड्रमवाला! सिनेमावाल्यांकडून माझा नंबर मागून घेतला म्हणे. वृद्धाश्रमात सगळ्यांना सिनेमा दाखवला, हा पाठ फिरवून बसणार होता, पण तिचा आवाज आला आणि मान आपोआप वळली म्हणे. "त्या पोरीला कुणी शिकवलं हो? मी मागे बसायचो, मला रोज तिची पाठच दिसायची. कमरेवर हात, बुटाबाहेर पाय. तंतोतंत!"

मी म्हटलं, अहो, तशी तर मी उभी राहते.

"ठाऊक आहे की. पहिल्याच दिवशी तिचे पाय लटलटायला लागले. मला म्हणाली, थांब, आता मी आमची ताई होते, मग मला कुणाची भीती नाही. तेव्हापासून रोज तेच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. कसंबसं विचारलं, मग मला येऊ का दिलं नाही?

"कमाल करता," म्हातारा म्हणाला. "तुम्हीच समोर येऊन बसलात, तर तिनं तुमचं सोंग घ्यायचं कसं?"