भिंतीला लावलेली पत्रं

चिरंजीव होबर्ट,

डोंगरावरच्या माझ्या लेकराला ओहायोहून आशीर्वाद. मी मजेत आहे. वर्लीन लिहून घेतेय आणि आजीच्या, म्हणजे माझ्या, शिव्या गाळतेय. तुझा खोकला थांबला का?

मंदीत तुझे बाबा झाडं लावायला सरकारी छावणीत होते ना, तिथल्या संग्रहालयातून फोन आला. "आजी, त्यांची पत्रं आहेत का?"

ते छावणीतच लिहायला शिकले. मला वाचता येईना, दुसऱ्याला वाच म्हणायची लाज. वारा अडवायला पत्रं कणकेच्या खळीनं तिथल्या आपल्या घराच्या भिंतीला चिकटवली, नीटनेटकी दिसावीत म्हणून कोरी बाजू वर.

तू त्या भिंतीवर नव्या फळ्या ठोकणार होतास ना, इतक्यात ठोकू नकोस. आधी भिंत भिजवून हळूच सोडवून बघ. निघालंच एखादं, तर पहिल्यांदा मला वाचून दाखव.

तुझे बाबा म्हातारपणीही विचारायचे, "पत्रं आवडली होती का गं?" मी ठोकून द्यायचे, "फार."

तुझी खोटारडी आई