खोल ट्रॉली आणि पाचवा रकाना

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (या वेळी तो शब्दशः घ्यावा. गेले चार दिवस मी पालथाच आहे आणि हे पत्रही छातीखाली उशी घेऊन लिहितोय. ओळी उताराला लागलेल्या दिसतील, त्या दारूने नव्हे.) तुमची तब्येत बरी असेल. मामींचा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना त्या अजून तुमचा उद्धार करतात, की आता नुसत्या जिन्याचाच? इकडे सगळे मजेत आहेत, माझी कंबर तेवढी सोडून.

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात सुपरवायझर आहे हे तुम्ही चारचौघांत अभिमानाने सांगता. म्हणजे बाकीचे अकरा जण ओल्या चादरी उचलतात आणि मी त्यांच्याकडे बघतो. गेल्या महिन्यात अकरापैकी सहा जण पाठीच्या दुखण्याने रजेवर गेले, तेव्हा वरच्यांना जाग आली आणि त्यांनी एक भलामोठा तक्ता धाडला. प्रत्येक कामाचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात काय बिघडू शकतं ते लिहायचं, मग माणसाला किती लागेल, किती वेळा लागेल आणि ते कळायला किती उशीर होईल याला दहापैकी गुण द्यायचे आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याला पाच वेळा 'का?' विचारायचं. पाचव्या रकान्यात दुखण्याचं मूळ सापडतं म्हणे. सोबत एक चित्रही होतं, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यात वाकून खोकं उचलणाऱ्या एका हसऱ्या माणसाचं. (ओझं उचलताना हसणारा माणूस मी तरी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. बहुधा खोकं रिकामं असावं.)

हे चित्र मी भिंतीवर लावलं, हातात घड्याळ आणि पाटी घेतली आणि तीन दिवस खांबाला टेकून निरीक्षण केलं. मामा, काय सांगू! सगळे चित्रातल्यासारखे वागायला लागले. इस्त्रीवाला तर नवरदेवासारखा ताठ उभा. आमच्या लवंगीताई (उंचीने बेताच्या, जिभेने नाहीत, म्हणून हे नाव) एकेक चादर अशी गुडघे मोडून उचलायच्या, जणू झोपलेलं बाळ आहे. ओल्या चादरींची एक ट्रॉली रिकामी करायला तिप्पट वेळ लागायला लागला, वॉर्डातून चादरींसाठी ओरडा सुरू झाला, पण तक्त्यात धोका म्हणून काही सापडेना. माझ्या आकड्यांनुसार आमचा धुलाईखाना बागेतल्या बाकापेक्षाही निर्धोक होता.

इथेच घोळ झाला. लवंगीताईंच्या नावावर वर्षात तीन लांब रजा. साहेबांनी सरळ गणित मांडलं की कामात खोट नाही, तर खोट बाईत आहे. 'वाकण्याच्या चुकीच्या सवयी' असं कारण घालून त्यांना कमी करायची चिठ्ठी टाइपसुद्धा झाली. तिला फक्त माझा तक्ता जोडायचा होता. सतरा वर्षं काम केलेली बाई माझ्या तीन दिवसांच्या खांबाला टेकण्यामुळे घरी बसणार होती. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण ते मी टेकूनच वाटून घेतलं.

चौथ्या दिवशी माझी पेन्सिल ट्रॉलीत पडली. मी काठावरून आत वाकलो, तळाशी हात नेला आणि कंबरेत काहीतरी 'कट्' झालं. वर येता येईना, खाली जाता येईना, डोकं ओल्या चादरींत आणि पाय हवेत. चौघांनी मला बाहेर काढून घड्या घालायच्या टेबलावर पालथं टाकलं आणि काम तुंबलेलं असल्यामुळे पाच मिनिटांत विसरूनही गेले. मग मला पहिल्यांदा खरं काम दिसलं. ट्रॉलीचा वरचा भाग ठीक असतो. मधल्या भागाला पोट काठावर दाबावं लागतं. तळाच्या चादरींसाठी मात्र लवंगीताई अक्षरशः आत लटकतात, पाय जमिनीवरून सुटलेले, एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हाताने ओला गठ्ठा ओढायचा आणि तसंच कंबरेत पिळून तो ड्रायरच्या खांद्याएवढ्या उंचीवरच्या तोंडात कोंबायचा. मी पाटी मागवली आणि पडल्या पडल्या प्रत्येक लटकण्याला एक खूण करायला लागलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्रेसष्ट झाल्या. तिन्ही रकान्यांत मी दहा-दहा-दहा लिहिलं.

मग 'का?' सुरू केलं. पाठ का जाते? बाई लटकतात म्हणून. का लटकतात? हात तळाला पोचत नाही म्हणून. का पोचत नाही? ट्रॉली कंबरेइतकी खोल आहे म्हणून. इतकी खोल का? तीन वर्षांपूर्वी उथळ ट्रॉल्या काढून या आणल्या म्हणून. आणि त्या का आणल्या? फेऱ्या निम्म्या होतील अशी सूचना आली म्हणून. इथे पेन्सिल थांबली, कारण ती सूचना माझी. 'उत्तम सूचना' असं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, आठवतं? तुम्हीच त्याला चौकट करून दिली होती. ती मी बरोबर ट्रॉल्यांच्या वरच टांगली आहे. त्या चौकटीखाली उभं राहून ट्रॉलीबद्दल तक्रार कोण करणार?

पण मीही तुमच्या बहिणीचा मुलगा. पाचव्या रकान्यात न कचरता स्वतःचं नाव लिहिलं. उद्या तक्ता वर जाईल, मग माझं जे व्हायचं ते होवो. मामींना नमस्कार, मुलांना पाठीवर थाप (हलकी).

आपला, सरळ होण्याच्या प्रयत्नात असलेला,
भाचा

ता. क. न कचरता नाव लिहिलं असं वर म्हटलं, ते तेवढं खरं नाही. सध्या तिथे 'तत्कालीन गरज' असं लिहिलंय. विषय असा आहे की, खोल ट्रॉलीची कल्पना मुळात तुमची. आमच्याकडे जेवताना तुम्हीच म्हणाला होतात, 'खोल कर रे, एका फेरीत काम होतं.' तेव्हा मी एक सहावा रकाना आखून त्यात 'एका अनुभवी सुताराचा सल्ला' असं घातलं तर चालेल का? तुम्ही निवृत्त आहात, तुमचं कोण काय वाकडं करणार? होकार लगेच कळवा. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. तक्ता न्यायला लवंगीताई घरी आल्या होत्या. हे पत्रही पेटीत टाकायला त्यांच्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायचं राहिलं. त्या जिन्यातच बसून ते वाचून परत वर आल्या. माझी पेन्सिल घेतली, 'तत्कालीन गरज' खोडलं आणि पाचव्या रकान्यात लिहिलं, 'सुपरवायझरने सुचवलं. उचलणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.' मग तक्ता माझ्या नाकाखाली सरकवून म्हणाल्या, "करा सही. आणि मामांना म्हणावं, करवत घेऊन या, ट्रॉलीचा तळ वर घ्यायचाय." मी सही केली, मामा. पहिल्या गाडीने या. तळ किती वर घ्यायचा ते त्यांना विचारा, मला विचारू नका.