रॉकेलनं न गेलेला डाग

हमरापूर,
फेब्रुवारी १९९७

प्रिय दिपिका,

तू बरी असशीलच, स्वतः डॉक्टर आहेस, म्हणून ते विचारत बसत नाय. पत्र पुरं वाच. चौथी शिकलेल्या बाईच्या दोन दुपारी यात गेल्यात. तुझी रामवाडी काय लांब नाय, पण तू समोर बसलीस की माझं तोंड वाकडं चालतं, म्हणून लिहिते.

माघीचे गणपती गेले, कारखाना रिकामा आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजून माझ्याच हातची लागते. तुझा बाप गेल्यावर याच हातावर तुझं शिक्षण झालं, ते तुला ठाऊक आहे. त्या हाताचंच सांगायचं आहे.

गेल्या जेठात डाव्या हातावर, कोपराखाली, फिकट डाग दिसला. आपल्याकडे कोणाचे हात पांढरे नसतात? मला वाटलं रंग सुकलाय. रॉकेल लावलं, काथ्यानं खसाखसा घासलं. कातडी सोलवटली, रक्त आलं, आणि मला काय कळलंच नाय. मग मात्र आठवलं. शाळेच्या पटांगणात तूच सांगितलं होतंस, ज्या डागाला चिमटा कळत नाय तो दाखवा, कुष्ठ गोळ्यांनी बरं होतं. मी त्यावर फडकं बांधलं आणि कामाला बसले. कुष्ठाच्या हातचा गणपती कोण देव्हाऱ्यात ठेवील, एवढंच डोक्यात.

आषाढात तू तपासणीला आपल्या आळीत आलीस, बरोबर दोन माणसं, हातात बॅटरी. मी उंबऱ्यातच आडवी झाले. आमच्यात कोणी रोगी नाय, बॅटरी दुसऱ्याच्या घरात लाव, असं आळीला ऐकू जाईल असं बोलले आणि कडी घातली. डॉक्टरणीची आईच दार लावते म्हटल्यावर पुढच्या सात घरांनीही लावलं. तू भांडली नाहीस. दाराला तोंड लावून एवढंच म्हणालीस, "आई, गोळ्या फुकट मिळतात. पेणला नको वाटलं तर रोह्याला मिळतात." आणि गेलीस. तेव्हापासून घरी आली नाहीस. फडकं तू बघितलं होतंस, व्हय ना?

भादव्यात मूर्ती गेल्या आणि मी रोह्याला गेले. रोह्याशेजारच्या अष्टमी गावी भावाकडे चालले, असं आळीत सांगायची. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली, वाटलं मेले आता. तिथली नर्स हसली, म्हणाली मावशी, गोळीचा रंग आहे, उतरेल. रंगाला घाबरणारी मी पहिलीच रंगारीण असेन. महिन्याला एक अशी गोळ्यांची सहावी, शेवटची पाळी परवा झाली.

आणि काल हळदीकुंकवाला सगळ्या बाया जमल्या असताना मी बाही वर केली. कोणी वाण घेतलं, कोणी ताट तिथंच ठेवून उठली. मूर्ती रंगवायला देणाऱ्या हिरामण शेटनं आज सकाळीच निरोप धाडला, पुढच्या मूर्ती दुसरीकडे टाकतो. टाकू दे. पण आळीतल्या केरूची सून काल मागं थांबली आणि तिनं मला पाठीवरचा डाग दाखवला.

हे सगळं आज का लिहिते? माझ्या भावाचा हरेश येऊन बोलून गेला. तुला साथीच्या रोगांचं शिकायला लंडनला बोलावलंय, पुढं आफ्रिकेत काम आहे, आणि तू 'नको' असं लिहून पाठवणार आहेस. म्हणे, जिला आईचं दार उघडता आलं नाय ती परक्या मुलखात काय करणार. अगो, दार तुझ्यानंच उघडलं. उशिरा उघडलं, एवढंच. तिकडंही काम जाईल म्हणून हात पदराखाली लपवणाऱ्या बाया असतील. त्यांनाही तसंच बाहेरून सांगून ये, आणि वाट बघ. ते नकाराचं पत्र फाड. रविवारी बॅटरी घेऊन ये. सातातल्या पाच घरांनी हो म्हटलंय, उरलेल्या दोघींशी मी भांडते. पण पहिलं दार माझं. तेवढं करून मग खुशाल जा.

तुझीच, दारात आडवी झालेली,
आई